बरं झालं, आता घराकडे लक्ष देता येईल

माझी नोकरी गेली तेव्हा आमच्या रांगेतल्या एकाही बाईच्या तोंडून "अरेरे" निघालं नाही. "बरं झालं गं, आता घराकडे लक्ष देता येईल" म्हणणाऱ्या मात्र बऱ्याच निघाल्या. कोपरखैरण्यात आमची माथाडींची घरं, भिंतीला भिंत लागून. कुणाच्या घरात काय चाललंय ते लपत नाही. त्याच सुमारास समोरच्या रांगेतल्या एका भावजींची महाप्यातली नोकरी गेली. त्यांच्याकडे संध्याकाळी माणसं जाऊन बसली, कुणी रबाळ्यातल्या सुपरवायझरचा नंबर दिला, कुणी सीव्ही व्हॉट्सअॅपवर मागून घेतला. माझ्याकडे काय आलं? एक भिशी चालवायची विनंती आणि शेजारच्या दोन घरांच्या किल्ल्या. गॅसवाला आला की दार उघडायला. "तू घरीच असतेस ना!"

मी कस्टम्स क्लिअरिंगमध्ये डॉक्युमेंटेशनचं काम करायचे, वाशीतल्या एका ऑफिसात. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर उतरायच्या आधीच आमचं काम सुरू व्हायचं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बीएल, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, ताडून बघायचं, मालाचा एचएस कोड, म्हणजे ड्युटी ठरवणारा मालाचा नंबर, ठरवायचा, चेकलिस्ट काढून पार्टीकडून ओके घ्यायची आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा अर्ज, फाइल करायचं. कोडचा एक आकडा चुकला तर ड्युटी बदलते. वजनात फरक निघाला तर कस्टम्सची क्वेरी, म्हणजे शंका, पडते, आणि क्वेरी सुटेपर्यंत कंटेनरचं भाडं चढत राहतं. कंटाळवाणं वाटेल, पण मला हे काम मनापासून आवडायचं. माल कधी डोळ्यांनी बघितला नाही, पण कागदावरून मला त्याचा वास यायचा.

पूर्वी फील्डची मुलं फायलींचे गठ्ठे घेऊन कस्टम हाउसमध्ये टेबलाटेबलांवर फिरायची. २०१८ मध्ये ई-संचित आलं आणि कागद अपलोड व्हायला लागले. ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर फेसलेस असेसमेंट सुरू झालं. म्हणजे न्हावा शेव्याच्या मालाची फाइल चेन्नईच्या किंवा कोलकात्याच्या अधिकाऱ्यापुढे उघडू शकते. चांगलंच झालं, खोटं कशाला बोलू, त्या गठ्ठ्यांचा मलाही वैताग होता. पण अधिकारी कुठेही बसून चालतो म्हटल्यावर कारकुनाला तरी वाशीचंच भाडं भरून कशाला बसवायचं, हा हिशोब मालकांना सुचायला फार वेळ लागला नाही. आमचं सगळं डॉक्युमेंटेशन दुसऱ्या राज्यातल्या एका सेंटरला गेलं. आम्हा बायकांना हिशोब चुकता करून, पेढ्याचा बॉक्स देऊन निरोप दिला. पेढे कशाबद्दल होते ते अजून कळलेलं नाही.

पैशाचं आधी सांगते, कारण पहिल्या महिन्यात डोक्यात तेवढंच असतं. पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी हक्काची आहे. शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. मालकाने ती तीस दिवसांत द्यायची असते. पीएफ मी मोडला नाही, नोकरी सुटली तरी त्यावर ५८ व्या वर्षापर्यंत व्याज चालू राहतं. दहा वर्षांहून जास्त सेवा झाली असेल तर पेन्शनचा भाग तसाही काढता येत नाही, त्याचं स्कीम सर्टिफिकेट घ्यायचं. आणि एक बारीक गोष्ट: पीएफच्या पोर्टलवर जुन्या कंपनीने तुमची एक्झिट डेट टाकलीय का ते बघा. नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतःलाही टाकता येते. ती नसली की पुढच्या ठिकाणी पैसे ट्रान्सफर करताना अडकायला होतं. आमच्या ऑफिसातला एक फील्डबॉय ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, होता. त्याला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून काही रक्कम मिळाली. सरासरी रोजाच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. या योजनेची मुदत वाढवत नेतात, म्हणून आधी ईएसआयच्या शाखेत जाऊन विचारा. निम्म्या लोकांना ती माहीतच नसते.

पैशाचं गणित कसंबसं बसलं. वेळेचं काही केल्या बसेना.

लोकांना वाटतं बेकार माणसाकडे वेळच वेळ असतो. नवऱ्याची रबाळ्याला फिरती शिफ्ट, सासऱ्यांची शुगर, लेकीचं कॉलेज. हे सगळं नोकरी असतानाही होतं, पण तेव्हा ते तिघंही थोडं थोडं ओढायचे. मी घरी बसले आणि कुणी काही न बोलता तिघांनीही हात काढून घेतले. अकरा वाजता लॅपटॉप उघडावा तर बेल वाजायची. गावाकडून फोन यायचा, पाटणला चुलत नणंदेच्या मुलीचं लग्न, "तू चार दिवस आधीच ये, तुला काय आता रजेचा प्रश्न न्हाई." वर्षभरात आमच्या नात्यातलं एकही लग्न माझ्याशिवाय लागलं नाही.

लेक टीवायबीएला आहे, इकॉनॉमिक्स घेऊन. एका रात्री अभ्यास करता करता तिने विचारलं, "आई, सर्व्हेवाला दारात आला आणि आबांनी दार उघडलं, तर ते तुझ्याबद्दल काय सांगतील?" आबा, म्हणजे माझे सासरे, कॉटवरूनच म्हणाले, "काय सांगायचं? घरीच असती म्हनायचं." लेकीने पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. सरकारचा श्रमबलाचा जो सर्व्हे होतो, पीएलएफएस म्हणतात त्याला, त्यात प्रत्येक माणसाला एक कोड मिळतो. काम नाही पण शोधतोय किंवा करायला तयार आहे, त्याला ८१. फक्त घरकाम करते, तिला ९२. बेकारीचा दर काढताना ८१ वाले मोजतात, ९२ वाल्या धरतच नाहीत. "म्हणजे आबांच्या उत्तराने तू बेकारसुद्धा राहत नाहीस," लेक म्हणाली.

मला हसू आलं आणि मग झोप आली नाही. नोकरी जाणं मी पचवलं होतं, पण यादीतूनच नाव गळतंय हे मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी जेवताना मी सगळ्यांना सांगून टाकलं की माझ्याबद्दल कुणीही विचारलं, पाहुणा असो की सरकार, तर "ती काम शोधतेय" एवढंच म्हणायचं. नवरा म्हणाला, "त्याने काय होणार?" पण म्हणायला लागला. आणि झालं ते असं, की "काम शोधतेय" ऐकल्यावर समोरचा "कसलं काम?" असं विचारतो. "घरीच असते" म्हटल्यावर कुणी पुढे काही विचारत नाही.

लेकीनेच मारियनथालची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रियातलं व्हिएन्नाजवळचं गाव. तिथली कापडाची गिरणी १९३० च्या आसपास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा ही संशोधक आणि तिच्या सोबत्यांनी तिथे जाऊन बारकाईने पाहणी केली. लोकांकडे वेळ वाढला होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. रस्त्याने चालायचा वेग त्यांनी घड्याळ लावून मोजला, तर पुरुष सावकाश चालत, मधे मधे थांबत. बायका भरभर चालत, कारण त्यांची घरची कामं काही बंद पडली नव्हती, त्यांचा फक्त पगार गेला होता. शंभर वर्षं होत आली त्याला. मी बाजारातून येताना स्वतःच्या चालण्याकडे बघितलं. भरभरच चालत होते.

उपाय आबांकडून आला, तोही चिडून. ते आयुष्यभर तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. मी दुपारी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसलेली पाहून म्हणाले, "पोरी, आमच्या टोळीत माल येवो न येवो, सकाळी गाळ्याव जाऊन उभं ऱ्हायाचं. घरी बसल्याला मुकादम बलवायला येत न्हाई." मी म्हटलं, "आबा, मी कुठल्या गाळ्यावर उभी राहू?" त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

गाळा सापडला तो सेक्टरातल्या अभ्यासिकेत. एमपीएससीची मुलं बसतात तिथे, महिन्याला हजाराच्या आत एक खुर्ची, एक पंखा आणि वायफाय मिळतं. मी साडेदहा ते दीड बसायला लागले. जाताना ऑफिसला जायचे तसाच डबा न्यायचे, घरी येऊन खाता आलं असतं तरी. घरात नियम एकच: या तीन तासांत फोन करायचा नाही, गॅसवाल्याने परत जायचं असेल तर जावं. किल्ल्या मी शेजारणींना परत केल्या. एकीला राग आला. येऊ दे.

पहिल्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने विचारलं, "काकू, कम्बाइनची तयारी का?" माझं वय ४४. एमपीएससीची खुल्या गटातली ३८ ची अट मी कधीच मागे टाकलीय. त्याला सांगितलं, मी नोकरी शोधायला येते. त्याला ते फार विचित्र वाटलं नाही, तोही तेच करत होता. पुढे त्यानेच मला एक्सेलमधलं एक्सएलुकअप शिकवलं. मी अजून व्हीलुकअपमध्येच होते आणि कॉलम मोजत बसायचे. ऑफिसात असताना हे शिकायला कुणी फुरसत दिली नव्हती.

तीन तासांत रोज अर्ज टाकत बसायचं नाही, हे मी लवकर ठरवलं. अर्ज टाकल्याने काम केल्यासारखं वाटतं, तेवढंच. अर्ज एक-दोनच, पण जाहिरात नीट वाचून. बाकीचा वेळ कस्टम्सची नवी नोटिफिकेशन्स वाचायची, पब्लिक नोटिस बघायच्या आणि वहीत दोन ओळींत लिहून ठेवायच्या. इंटरव्ह्यूत "मधल्या काळात काय केलंत?" विचारलं की मी ती वही पुढे करते. तोंडाने "अपडेट राहिले" म्हणण्यापेक्षा ते बरं पडतं.

त्या मधल्या काळाची भीती उगीच नाही. अमेरिकेत क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या तिघा अर्थतज्ज्ञांनी बनावट सीव्ही हजारोंनी पाठवून पाहिले. इतर सगळं सारखं, फक्त बेकारीचे महिने वेगवेगळे. जितके महिने जास्त, तितके मुलाखतीचे फोन कमी, आणि सगळ्यात मोठी घसरण पहिल्या आठ महिन्यांत. हे २०१३ साली छापून आलं. मी ते वाचलं तेव्हा माझे आठ महिने उलटून गेलेले होते. वाईट वाटायला हवं होतं, पण एका अर्थी हायसं वाटलं. फोन येत नाहीत याचा अर्थ दर वेळी माझ्यात खोट आहे असा नव्हता. काही ठिकाणी तारखा बघूनच सीव्ही बाजूला पडत होता.

म्हणून तारखांच्या वर दुसरं काहीतरी दिसायला हवं. माझा जुना सीव्ही "रिस्पॉन्सिबल फॉर डॉक्युमेंटेशन" पासून सुरू व्हायचा. वाशीतल्या एका ओळखीच्या कस्टम्स ब्रोकरने तो बघितला आणि म्हणाला, "मॅडम, हे तर सगळेच लिहितात. माल कुठला हाताळलात ते कुठंय?" मग मी सगळ्यात वर एकच ओळ टाकली (चॅप्टर म्हणजे एचएस कोडच्या यादीतले मालाचे विभाग): चॅप्टर २९ ची केमिकल्स, चॅप्टर ८४ आणि ८५ ची मशिनरी व इलेक्ट्रिकल माल, क्लासिफिकेशन आणि क्वेरीची उत्तरं स्वतः. मधल्या काळासाठी "करिअर ब्रेक" असं सरळ लिहिलं, तारखांसकट. फोन वाढले. फार नाही, पण जे आले ते कामाचं विचारणारे आले. तुमच्या धंद्यातही अशी एखादी ओळ असेलच, जी वाचून त्या धंद्यातला माणूस मान वर करून बघतो. स्टोअर्सवाल्याने किती आयटम सांभाळले ते लिहावं, ड्रायव्हरने कुठला घाट मारलाय ते लिहावं.

पगाराबद्दल एक. "कितीही चालेल" म्हणू नका. मी दोन ठिकाणी म्हणून बघितलं. समोरच्याच्या चेहऱ्यावर दया दिसत नाही, संशय दिसतो. आता मी जुन्या पगारापेक्षा थोडा खाली एक आकडा सांगते आणि गप्प बसते. "मुलं लहान आहेत का, उशिरापर्यंत थांबाल का" हे मात्र अजूनही विचारतात. नवऱ्याला कुणी कधी विचारलं नाही.

या सगळ्यात समोरच्या भावजींबद्दल लिहायचं राहिलं. सुरुवातीला जी माणसं त्यांच्याकडे येऊन बसायची, ती दोन-तीन महिन्यांत यायची थांबली. पुरुषाची बेकारी लोकांना दिसते, आणि दिसत राहिली की नकोशी होते. "काय, लागलं का कुठे?" या प्रश्नाच्या भीतीने ते दिवसाउजेडी बाहेर पडेनासे झाले. रात्री दहानंतर कोपऱ्यावर सिगारेट ओढताना दिसायचे. वहिनी एकदा ओट्यावर बसून रडल्या, म्हणाल्या ते जेवत नाहीत, झोपत नाहीत. मी काही डॉक्टर नाही. त्यांना टेलिमानसचा नंबर दिला, १४४१६, केंद्र सरकारची फुकट सेवा आहे, मराठीतही बोलतात. भावजींनी फोन केला की नाही ते मी विचारलं नाही. नंतर त्यांनी घणसोलीत रात्रपाळीचं सिक्युरिटीचं काम धरलं. त्यांच्या शिक्षणाला ते शोभत नाही म्हणणाऱ्यांना त्यांच्या घरचा हप्ता माहीत नाही.

त्यांना मधे एक ठगही भेटला होता. विमानतळावर नोकरी, आधी युनिफॉर्म आणि ट्रेनिंगचे पैसे भरा. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, डिसेंबरात विमानं उडायला लागली, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून असले मेसेज आमच्या ग्रुपवर फिरत होते. नोकरी देणारा पैसे मागत नाही, एवढं धरून चाला. गेलेच पैसे तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन करा, पहिल्या काही तासांत केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

मला जे काम मिळालं ते कुठल्याच साइटवर नव्हतं. मी मैत्रिणींना सांगणं थांबवलं होतं. त्यांना माझी काळजी होती, पण त्या माझ्यासारख्याच सगळ्या त्याच ऑफिसातून सुटलेल्या. मग डायरी काढली आणि ज्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलणं व्हायचं अशांना फोन लावले. कळंबोलीचा ट्रान्सपोर्टवाला, सीएफएसच्या, म्हणजे कंटेनरच्या यार्डाच्या, काउंटरवरचा मुलगा, तळोज्यातल्या एका केमिकल कंपनीचे परचेसवाले. नोकरी आहे का असं विचारलं की माणूस ओशाळतो आणि फोन ठेवतो. मी विचारायचे, "सध्या तुमची फाइल कोण करतं?" मग गप्पा व्हायच्या, कुणाकडे माणूस कमी आहे ते आपोआप निघायचं.

ट्रान्सपोर्टवाल्यानेच सांगितलं की सीबीडी बेलापूरच्या एका एजंटकडची डॉक्युमेंटेशनची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर चालली आहे. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, म्हणजे सहा महिने ती खुर्ची रिकामी. एवढ्याशा काळासाठी कुणी जाहिरात देत नाही आणि तरुण पोरं येत नाहीत. मी गेले. चेकलिस्ट काढून दाखवा म्हणाले, काढून दाखवली, सोमवारपासून या म्हणाले. मी बाहेर पडून स्टेशनवर वडापाव खाल्ला आणि पहिला फोन आबांना केला. ते म्हणाले, "हजेरी लागली का? मग झालं."

घरकामाचं जे मी सोडून दिलं होतं ते आता बऱ्यापैकी वाटलं गेलंय. आबा स्वतःची शुगर स्वतः तपासतात आणि वहीत लिहितात, कधी कधी आकडा थोडा कमी करून.

ती मुलगी पुढच्या महिन्यात परत कामावर येतेय. यावीच, तिची खुर्ची आहे. दरम्यान मी एअरची, म्हणजे विमानाने येणाऱ्या मालाची, कागदपत्रं शिकून घेतेय, मास्टर आणि हाउस एअरवे बिल, कारण इतकी वर्षं फक्त समुद्राकडचाच माल केला आणि विमानतळ आता दारात आलाय. कस्टम्सची परीक्षा देऊन जी कार्ड, म्हणजे ब्रोकरतर्फे कस्टम्सपुढे काम करायचा पास, काढायचंही मनात आहे, पण त्यासाठी आधी एखाद्या ब्रोकरकडे नोकरीला असावं लागतं, आणि नोकरीला गेलं की विचारतात, कार्ड आहे का.

तेव्हा वाशी, बेलापूर, जेएनपीटी, उलवे, ठाणे, कुठेही तुमच्या ओळखीत कुणाकडे इम्पोर्टच्या डॉक्युमेंटेशनला माणूस हवा असेल, कायमचा नाहीतर कुणाच्या रजेपुरता, तर विचारून ठेवा. केमिकल्स आणि मशिनरी माझ्या हातची आहेत. क्वेरीचं उत्तर मी त्याच दिवशी टाकते. शनिवारी यायला हरकत नाही, फक्त मे महिन्यात पाटणला आणखी एक लग्न आहे आणि या वेळी मी आदल्या रात्रीच पोहोचणार आहे.